मिलिंदच्या गाडीचं न सांगितलेलं वजन

"जँडल बुडाली! दादा, पहिली जँडल बुडाली! तीन मिनिटं चाळीस सेकंद!"

ओरडत होता मिलिंद मेश्राम. मी त्याच्या गाडीखाली पोटावर आडवा. तोंडात वाळू, कानात वाळू, आणि वाळूला जिथे जायचं काहीएक कारण नाही तिथेही वाळू. जँडल म्हणजे आपली रबरी स्लिपर; न्यूझीलंडमध्ये तिला हेच नाव. मिलिंद ऑकलंडमध्ये पुलांची डिझाइन्स करणारा इंजिनिअर. गाडी समुद्रकिनाऱ्यावर रुतलेली आणि भरती चढतेय, हे लक्षात आल्यावर तुम्हीआम्ही बोंब मारली असती. त्याने बायकोच्या, मुलीच्या आणि स्वतःच्या मिळून सहा जँडल काढून घेतल्या, पाण्यापासून गाडीपर्यंत एका ओळीत वाळूत रोवल्या आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं.

"अरे मोजतोस काय, खणायला ये!" मी गाडीखालून ओरडलो.

"रेट कळल्याशिवाय प्लॅन कसा करणार, दादा?"

"किती उरल्या?" हा सुजातावहिनींचा आवाज. त्याची बायको. इस्पितळात ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स.

"पाच."

"मग पाच जँडलांत काढा गाडी," वहिनी म्हणाल्या. ऑपरेशन चालू असताना कात्री मागावी, त्या आवाजात.

आता ही गाडी तिथे गेली कशी, आणि गेली तर अडकली कशी, हे सांगायचं तर मला जरा मागे जावं लागेल. दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या होत्या, "तुमच्या धंद्याबद्दल लिहा, पण थापा नकोत." मी म्हटलं, "बाई, माझ्या अनुभवातून थापा वगळल्या तर नुसतं ग्रीस उरेल." त्या हसल्या, म्हणजे परवानगी दिली असं मी धरून चाललोय.

मी मूळचा पिंपरीचा. वीसेक वर्षांपूर्वी इथे गाड्यांचा डिप्लोमा करायला आलो आणि राहिलो. हॅमिल्टन शहरात 'ते रापा' नावाचा भाग आहे. एका बाजूला दुधाचा प्रचंड कारखाना, दुसऱ्या बाजूला टायरवाले, पत्र्याची कामं करणारे आणि भंगारवाले. त्यांच्यामध्ये आमची शेड. आमची म्हणजे माझी आणि वायरेमूची. वायरेमू माझा भागीदार. माओरी, साडेसहा फूट, इंजिन उचलायची क्रेन बिघडली तर आम्ही तिच्या दुरुस्तीची घाई करत नाही.

आमचं काम असं. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घ्यायची, शक्यतो म्हातारी. जपानहून आलेली, सात सीटची, डिझेलवर चालणारी, मागच्या सीटवर मुलांनी ज्यूस सांडून सांडून कार्पेट चामट केलेली कौटुंबिक गाडी. आणि तिला चिखलात, नदीत, वाळूत जायच्या लायकीची करायची. नवी गाडी आम्ही शक्यतो घेत नाही. नव्या गाडीत पंचवीस कॉम्प्युटर. तुम्ही एक नट सैल केलात की सगळे मिळून रुसतात. जुन्या गाडीला मात्र सांगितलेलं कळतं.

लोकांना वाटतं, गाडी उंच केली की झालं. नाही! स्प्रिंग बदलल्या की गाडीचं अंग वर जातं, पण दोन चाकांना जोडणारा तो जाड एक्सल आहे तिथेच राहतो. त्याला उचलायचं तर टायरच मोठं हवं. टायर मोठं केलं की ते मडगार्डला घासतं. अंग उचललं की ब्रेकचे पाइप ताणले जातात, म्हणून तेही लांब करायचे. मग डिफरन्शियलचा श्वास. हसू नका, तो श्वास घेतो! मागच्या एक्सलच्या मधोमध तो लोखंडी गोळा असतो ना, तो पळून पळून तापतो. तापलेला गोळा नदीच्या थंडगार पाण्यात गेला की दम लागल्यासारखी हवा आत ओढतो, आणि हवा नसेल तर पाणी. म्हणून त्याच्या नाकाला रबरी नळी लावून ती पार इंजिनाजवळ उंचावर न्यायची. हे सगळं करून झालं, आणि उंची ठराविक मर्यादेच्या पुढे गेली असली, की सरकारमान्य तपासनीस येतो, गाडीखाली टॉर्च घेऊन तासभर झोपतो, आणि पसंत पडलं तर इंजिनाजवळ एक छोटीशी पट्टी ठोकून देतो. ती पट्टी ठोकली जाताना मला दर वेळी मुलगी पास झाल्यासारखं वाटतं.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुने. अल्बनीचे एक दातांचे डॉक्टर आले होते, आपलेच, दादरचे. त्यांना सगळं हवं होतं: मोठे टायर, पुढे रुतलेली गाडी दोरीने ओढून काढणारा विंच, छतावर लोखंडी जाळी, आणि इंजिनाला हवा वरून मिळावी म्हणून लावतात ती खिडकीशेजारून वर जाणारी नळी. मी विचारलं, "डॉक्टर, जाणार कुठे?" म्हणाले, "मुलांना शाळेत सोडायचं असतं हो." दिली करून. पहिल्याच शनिवारी फोन. मॉलच्या पार्किंगमध्ये शिरताना वरच्या दांड्याला जाळी अडकली होती. मागे बत्तीस गाड्या. पुढच्या वेळी सांगेन तेव्हा चाळीस. मी फोनवर सांगितलं, चारही टायरमधली हवा काढा, गाडी दोन इंच बसेल आणि निघेल. निघाली! नंतर डॉक्टर मला म्हणाले, "अशी थरारक मोहीम आयुष्यात केली नव्हती." त्यांची ती नळी आजतागायत पाण्याच्या थेंबाला भेटलेली नाही. पावसाचे सोडून.

तर मिलिंद. तो आला तो थेट ऑकलंडच्या हिल्सबरोहून. मधल्या रस्त्यात तिथलेच पन्नास मेकॅनिक सोडून, कारण त्याला स्प्रिंगची चर्चा मराठीत करायची होती. गाडी पंचवीसेक वर्षांची, रंग कधीकाळी हिरवा. विद्यार्थी म्हणून नागपूरहून आले तेव्हा नवराबायकोने घेतलेली पहिली गाडी. घर मिळेपर्यंत दोघं नऊ रात्री त्यात झोपली होती. त्यांची यशू जन्मली तेव्हा इस्पितळातून घरी आली ती याच गाडीतून. आता यशू पंधरा वर्षांची, गाडी दारात नुसती उभी, आणि वहिनींना हवी होती छोटी इलेक्ट्रिक गाडी, इस्पितळाच्या पार्किंगमध्ये एका झटक्यात मावणारी.

"दादा, शेवटचा चान्स आहे," मिलिंद म्हणाला. "ईस्टरला आपल्या चौदा जणांचा कॅम्प आहे ना, तिकडे उत्तरेला, किनाऱ्यावर? ही गाडी घेऊन जायची. सुजाता म्हणते, रविवारी गाडी स्वतःच्या चाकांवर घरी आली तर ठेवू. टो-ट्रकवर आली तर टो-ट्रक थेट भंगारवाल्याकडे."

मी वहिनींकडे पाहिलं.

"असंच ठरलंय," वहिनी म्हणाल्या.

म्हणजे बघा, काय माझ्या हातात पडलं होतं! कोणी मला स्प्रिंगा बदलायला सांगत नव्हतं. एका गाडीची फाशी रद्द करून मागत होतं. मी असा पेटलो की वायरेमू म्हणाला, "श्री, सावकाश. ती गाडी आहे, तुझी बहीण नाही."

आता स्प्रिंगचं एक रहस्य सांगतो. ती गाडीकडे बघून निवडत नाहीत, सामानाकडे बघून निवडतात. तीन प्रकार: रिकाम्या गाडीची, दोनशे किलो सामानाची आणि चारशे किलोची. मऊ लावली आणि सामान जास्त झालं, तर गाडी मागून बसते. कडक लावली आणि सामान कमी पडलं, तर घरी पोचल्यावर दात मोजून घ्यावे लागतात. म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो, सहलीला निघाल्यासारखी गाडी भरून आणा. मग शेजारच्या भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर आधी पुढची चाकं, मग मागची चाकं. ही वायरेमूची पद्धत.

त्यात माझी भर एकच: दीडपट. गोरा माणूस गाडी भरून आणतो ती भरूनच आणतो. मराठी माणूस वजन करायला आणतो दोन बॅगा आणि एक पिशवी. विचारलं तर, "काही नाही हो, थोडंसंच असतं." मेकॅनिकसमोर सुद्धा आपल्याला अघळपघळ दिसायचं नसतं! मग निघायच्या दिवशी चिवड्याचा डबा, कुकर, दुसरा कुकर, 'असू दे' म्हणून सतरंजी, आणि शेजारणीने तिकडच्या भावजयीसाठी दिलेलं काहीतरी. म्हणून मराठी गिऱ्हाईक असलं की मी काट्याचा आकडा गुपचूप दीडपट करतो आणि त्या हिशोबाने स्प्रिंग लावतो. वीस वर्षांत चुकलेलो नाही.

पण मिलिंदने काय आणलं? एक्सेलशीट! छापून, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. प्रत्येक वस्तू, तिचं वजन, गाडीत तिची जागा. मीठ, दोनशे ग्रॅम, डावीकडे मागे. यशूची अंघोळीच्या कपड्यांची पिशवी, ओली असताना आणि कोरडी असताना, दोन वेगळे रकाने. एकूण सामान एकशे नव्वद किलो. काट्यावर भरलं एकशे एक्क्याण्णव. मी त्या कागदाकडे देवळात उभं राहिल्यासारखा बघत राहिलो. सत्तेचाळिसावी ओळ तेवढी लाल रेघ मारून खोडली होती. काय खोडलंय हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आणि त्या कागदाच्या रुबाबाला भुलून मी दीडपट केलं नाही. दोनशेची स्प्रिंग लावली. वहिनी काट्याशेजारी हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्या त्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत, हेही माझ्या लक्षात यायला हवं होतं.

बाकी गाडी मात्र अशी सजवली म्हणता! स्प्रिंगा, शॉक, टायर, पोटाखाली पोलादी पत्रा, डिफरन्शियलला लांब नाक, पुढे ओढण्यासाठी दोन दणदणीत हुक. हुक का, तेही ऐका, कारण यात मी थापा मारत नाही. गाडीच्या मागे ट्रेलर अडकवायचा जो लोखंडी गोळा असतो, त्याला रुतलेली गाडी ओढायची दोरी कधी, कधी, कधीही अडकवू नका. ताणात तो तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा काच फोडून आत येतो. माणसं गेली आहेत. पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

निघायच्या सकाळी मी माझी पिकअप घेऊन हिल्सबरोला त्यांच्या दारात हजर. बाकीची मंडळी पुढे गेली होती. मिलिंदची गाडी दारात उभी, आणि मला तिचं बूड जरा खाली वाटलं. दोन बोटं. हेडलाइट समोरच्या भिंतीऐवजी समोरच्यांच्या गॅलरीत.

"वहिनी, जास्तीचं काही घेतलंय का?"

"काही नाही दादा, थोडंसंच."

वीस वर्षं मी हे वाक्य ऐकत आलोय. त्याच्यावर धंदा उभा केलाय. आणि त्या सकाळी मी "बरं" म्हणालो आणि गाडीत बसलो! ही चूक मिलिंदची नाही, वहिनींची नाही, माझी आहे. लिहून ठेवतो.

तो किनारा पश्चिमेचा, टास्मान समुद्राचा. सरळ, रुंद, नजर संपते पण वाळू संपत नाही. कायद्याने तो चक्क रस्ता आहे. ओहोटीला ओली वाळू इतकी घट्ट असते की वाटतं विमान उतरवावं. आम्ही टायरमधली हवा निम्म्यावर आणली, म्हणजे टायर पसरट होऊन वाळूवर तरंगतं, आणि सुटलो. काय सांगू! डावीकडे लाटा, उजवीकडे वाळूचे डोंगर, खिडक्या उघड्या, आणि ती म्हातारी हिरवी गाडी माझ्या आरशात कोकरासारखी उड्या मारतेय. मिलिंद खिडकीतून हात काढून बेंबीच्या देठापासून ओरडत होता. यशूसुद्धा, जी एरवी मोबाइलमधून मान वर काढत नाही, ती छतातून बाहेर यायची बाकी होती. वाटेत आम्ही फोटो काढले. मग आणखी फोटो काढले. भरतीचं वेळापत्रक खिशात होतं, आणि खिशातच राहिलं.

मग ओहोळ आला. डोंगरातून येऊन किनारा कापत समुद्राला मिळणारा, गुडघाभर पाण्याचा. नियमाप्रमाणे मी आधी चालत पार केला. तळ घट्ट. पलीकडे मात्र वीतभर उंचीची पायरी, भुसभुशीत. माझी पिकअप टुणकन चढली. मिलिंदची पुढची चाकं चढली, आणि गाडीचं बूड, ते दोन बोटं खाली आलेलं बूड, नांगराच्या फाळासारखं वाळूत घुसलं. थांबला असता तरी चाललं असतं. त्याने ॲक्सिलरेटर दाबला. चारही चाकांनी चार विहिरी खणल्या आणि गाडी कासवासारखी पोटावर बसली.

पुढच्या हुकाला लवचीक दोरी लावून मी ओढली. दोरी ताणली, माझीच चाकं रुतायला लागली, त्याची गाडी इंचभर हलली नाही. मोबाइलला रेंज नव्हती. कॅम्प वीस मिनिटांवर. आणि ओहोळाच्या तोंडातून समुद्र आत यायला लागला होता. तेव्हा मिलिंदने जँडल रोवल्या. म्हणजे आता आपण पुन्हा सुरुवातीला आलो.

पोटावर बसलेली गाडी ओढून निघत नाही. आधी उचलायची, चाकाखाली काहीतरी सारायचं, मग ओढायची. उचलायला माझ्याकडे जॅक होता. उत्तम, पोलादी, माणसाच्या छातीएवढा उंच. त्याच्याखाली ठेवायची जाड फळी नव्हती. ती तिकडे आमच्या शेडमध्ये होती आणि तिच्यावर वायरेमूचं कॉफीचं मशीन होतं. फळीशिवाय जॅक वाळूत लावला तर काय होतं? मी दांडा मारतोय, गाडी तिथेच, आणि जॅक खाली पाताळात चाललाय.

"दुसरी बुडाली! तीन मिनिटं पाच सेकंद! वेग वाढतोय!"

वाहून आलेलं लाकूड घातलं, मोडलं. वहिनींचा भाजी चिरायचा प्लास्टिकचा पाट घातला, पापडासारखा वाकला.

"गाडी हलकी करा!" मी ओरडलो. "सगळं बाहेर!"

आणि मग त्या गाडीतून जे निघायला लागलं! तंबू, खुर्च्या, बर्फाची पेटी, हे कागदावर होतं. पण नंतर दुसरी बर्फाची पेटी, चौदा जणांचं मटण भरलेली. ज्वारीच्या पिठाचा डबा. भाकरीचा तवा, ओतीव लोखंडाचा. तेलाचा पाच लिटरचा कॅन. उशा किती, ते मोजायचं मी सोडून दिलं. मिलिंद प्रत्येक वस्तूकडे पाहत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर एकेक रकाना कोसळत होता. शेवटी मी मधल्या सीटखाली हात घातला. जुन्या चादरीत बांधलेलं काहीतरी. ओढलं, हलेना. दोन्ही हातांनी ओढलं. धप्पकन वाळूत पडलं आणि चादर सुटली.

पाटा! मसाला वाटायचा काळा दगडी पाटा, वरवंट्यासकट. वीस किलो म्हणजे वीस किलो.

"हा इथे कसा?" मिलिंद.

"गाडीने," वहिनी म्हणाल्या.

"मी सत्तेचाळिसावी ओळ खोडली होती. मिक्सर चालेल म्हटलं होतं."

"हो. दिसलं मला."

"मम, इट्स जस्ट अ रॉक," यशू म्हणाली.

"मग उचल," वहिनी म्हणाल्या. यशूने वाकून ओढून पाहिलं आणि परत सरळ उभी राहिली.

तो पाटा वहिनींच्या आईचा होता. आई गेल्यावर नागपूरहून येताना त्यांनी कपडे मागे ठेवून तो आणला होता. विमानतळावरच्या तपासनिसाने विचारलं, हे काय? त्यांनी सांगितलं, किचन इक्विपमेंट. निघण्याआधी त्याला तिथेच टाकी लावून घेतली होती. नव्या वाचकांसाठी: पाटा वापरून गुळगुळीत होतो, मग मसाला नुसता घसरतो. तेव्हा छिन्नीने ठोकून ठोकून त्याच्या तोंडावर बारीक खाचा पाडतात, ती टाकी. नागपूरला दारावर येणाऱ्या बायका ते करून देतात. न्यूझीलंडमध्ये कोण करणार? म्हणून वहिनी तो जपून वापरत. सणाला आणि चौदा माणसांच्या मटणाला.

माझी नजर पाट्यावर गेली. मग जॅकवर. आयुष्यात मी गप्प बसल्याचे प्रसंग दोन, त्यातला हा एक.

"तिसरी गेली," मिलिंद म्हणाला. या वेळी तो ओरडला नाही.

वहिनींनी पाण्याकडे पाहिलं. गाडीकडे पाहिलं. मागच्या काचेवर यशूने पाच वर्षांची असताना चिकटवलेलं बदकाचं स्टिकर होतं, त्याच्याकडे पाहिलं असं मला वाटलं, पण ते मी माझ्याकडून घालत असेन.

"फुटेल का?" त्यांनी विचारलं. मला नाही, नवऱ्याला.

आणि मिलिंदने स्टॉपवॉच खिशात घातलं. गुडघ्यावर बसला, पाट्यावर हात फिरवला. "एका कोपऱ्यावर सहाशे-सातशे किलो येईल. दाबाने हा दगड फुटणार नाही. खाली पोकळी राहिली तर मात्र मधोमध मोडेल. खालची वाळू सपाट आणि घट्ट पाहिजे. मी करतो." आणि तो पुलांचा इंजिनिअर तळहातांनी वाळू थापायला लागला, एक खडा राहू देईना, शिंपला राहू देईना.

"उलटा ठेवा," वहिनी म्हणाल्या. "तोंड खाली."

ठेवला. वर जॅक. मी दांडा मारला. जॅक वाळूत गेला नाही. दुसऱ्यांदा मारला. आणि गाडी, मंडळी, ती गाडी कण्हली, आणि वर आली! चाक विहिरीतून वर, खाली उशा, चादर, तंबूची पिशवी, जे हाताला लागेल ते. मग दुसरं चाक. दर वेळी मिलिंद नवी जागा थापतोय, वहिनी पाटा उचलून आणताहेत, मी दांडा मारतोय, आणि यशू "फोर्थ वन! काका, फोर्थ वन!" ओरडतेय, कारण मोजणीचं खातं आता तिच्याकडे आलं होतं. चौथ्या चाकाला जॅक जरा घसरला, पाटा वाळूत करकरत हातभर सरकला. मिलिंदने डोळे मिटले. मोडला नाही.

पाचवी जँडल बुडाली तेव्हा मी पिकअपमध्ये, मिलिंद त्याच्या गाडीत. लाट आली ती घराएवढी. वायरेमू म्हणतो, त्या किनाऱ्यावर घराएवढी लाट येत नाही. वायरेमू तिथे नव्हता. मी गाडी सोडली, दोरी ताणली, ताणली, ताणली, आणि म्हातारी हिरवी गाडी बाटलीचं बूच उडावं तशी बाहेर आली! मी इतका ओरडलो की दोन दिवस घसा बसला होता. मागे वळून बघतो तर वहिनी पोटरीभर पाण्यातून, वीस किलोचा पाटा नवजात बाळासारखा छातीशी धरून, शांत चालत येताहेत. सहाही जँडल समुद्राने नेल्या.

त्या संध्याकाळी कॅम्पवर चौदा जण मटण जेवले. मसाला पाट्यावरच वाटला होता. दाताखाली किंचित कचकच होती. सगळ्यांनी ती खसखस आहे असं ठरवलं. रविवारी गाडी स्वतःच्या चाकांवर हिल्सबरोला पोचली. पण निकाल काही आला नाही. मिलिंदची विचारायची हिंमत होईना, आणि माझी झोप उडाली.

पुढच्या शनिवारी दोघं माझ्या शेडवर आले. मी म्हटलं, आता खरं वजन. सगळं भरा, पाट्यासकट, आणि थोडंसंच सुद्धा भरा. काट्यावर आकडा आला दोनशे शहाऐंशी. एकशे एक्क्याण्णवची दीडपट करून बघा. अर्ध्या किलोचा फरक! वायरेमूने माझ्याकडे बघून टोपी काढली. मी चारशेवाल्या स्प्रिंगा लावल्या, गाडी खाली उतरवली, बॉनेटवर हात मारला, आणि पायरीवर बसलेल्या वहिनींसमोर जाऊन मोठं भाषण केलं. चूक माझी होती, आता गाडी हिमालयात न्या, अंटार्क्टिकात न्या, अशी गाडी अख्ख्या दक्षिण गोलार्धात दुसरी नाही, वगैरे. मिलिंद माझ्या मागे उभा.

"तर वहिनी," मी म्हटलं, "गाडी राहणार की जाणार?"

वहिनींच्या मांडीवर पाटा होता. त्याच्या तोंडावरून त्यांनी एकदा तळहात फिरवला. वाळूत घासून ते गुळगुळीत झालं होतं. मग तो माझ्याकडे सरकवला.

"गाडी राहू द्या. पाट्याला टाकी लावून द्या."